दुखायची थांबलेली दाढ

रविवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे माळवे घेऊन येतात आणि दुपारी परतीच्या एसटीला वेळ असला, की दुखरा दात दाखवायला माझ्या दवाखान्यात डोकावतात. मागच्या रविवारी अशीच एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोराचा उजवा जबडा खालून सुजला होता आणि तोंड पुरते उघडत नव्हते.

"डॉक्टर, दुधाचीच दाढ हाय. उपटून टाका, म्हंजे मोकळं," ती म्हणाली.

"कधीपासून दुखते?"

"आता कुठं दुखतीय? दिवाळीत लई दुखली. रातभर रडायचं पोरगं. मग थांबली आपोआप. काल सकाळपासनं गाल सुजला म्हणून आणलं."

वाचकहो, गेली चोवीस वर्षे मी ही वाक्ये ऐकत आलो आहे. माणसे बदलतात, वाक्ये तीच असतात. त्यांत दोन समजुती आहेत. एक म्हणजे, लहान मुलाच्या तोंडातली दाढ ती दुधाची. आणि दुसरी म्हणजे, दुखायचे थांबले की आजार बरा झाला. या दोन समजुतींनी आपल्या भागातल्या जितक्या चांगल्या दाढा खाल्ल्या आहेत, तितक्या गोळ्या-चॉकलेटांनीही खाल्ल्या नसतील.

मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात डाव्या बाजूला खाली एक दाढ नाही. मी पाचवीत असताना ती किडली. घरात सर्वांनी ठरवले की दुधाची आहे, पडायचीच आहे. गावात दात काढणारे एक गृहस्थ होते, त्यांनी ती काढली. आजीने रिवाजाप्रमाणे ती कौलावर फेकली आणि आता नवी दाढ येईल म्हणून सांगितले. मी वर्षभर जीभ लावून लावून त्या जागेवर नव्या दाढेची वाट पाहिली. ती आली नाही, कारण जी काढली तीच नवी होती. पुढे मागची दाढ त्या रिकाम्या जागेत कलंडली, वरची खाली उतरली, आणि आज पन्नाशीत मी भाकरी उजव्या बाजूनेच चावतो. दंतवैद्य झाल्यावर पहिल्या वर्षाच्या वर्गात दातांचा तक्ता समोर आला, तेव्हा मला कळले की आपले काय गेले.

सहाव्या नंबरचा दात

आपल्याला दात दोनदा येतात. दुधाचे वीस आणि कायमचे बत्तीस. पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येऊन पूर्ण होतात. वर दहा, खाली दहा. सहाव्या वर्षी पुढचे पटाशीचे दात हलू लागतात आणि सगळ्या घराचे लक्ष तिकडे जाते. त्याच सुमारास तोंडाच्या मागच्या बाजूला, कोणाचेही लक्ष नसताना, एक मोठी दाढ हिरडीतून वर येते. वर दोन, खाली दोन अशा चार. या दाढा येण्यासाठी एकही दात पडावा लागत नाही. त्या दुधाच्या दाढांच्या मागे, नव्या जागेवर येतात. दात पडला नाही, म्हणजे नवा आला नाही, असा हिशेब आपण करतो आणि फसतो.

ओळखायची खूण अगदी सोपी आहे. मुलाला उजेडात उभे करा. वरच्या किंवा खालच्या दोन मधल्या दातांच्या फटीपासून एका बाजूला दात मोजत जा. पहिला, दुसरा पटाशीचा, तिसरा सुळा, चौथी आणि पाचवी दाढ. दुधाचे दात इथे संपतात. एका बाजूला पाचपेक्षा जास्त दुधाचे दात कोणाच्याही तोंडात नसतात. सहावा दात दिसला, तर तो कायमचा आहे. तो पडणार नाही, पडला तर पुन्हा येणार नाही. पुढच्या साठ-सत्तर वर्षांचे चावणे त्याच्यावर आहे. बाराव्या वर्षी त्याच्या मागे दुसरी दाढ येते, आणि सतराव्या वर्षानंतर, आलीच तर, अक्कलदाढ.

दुधाच्या दाढा तरी वाटेल तशा काढाव्यात का? नाही. त्या दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खाली तयार होणाऱ्या उपदाढांची जागा राखून ठेवतात. ही जागा राखणारे गेले, की शेजारचे दात सरकतात आणि नवे दात वाकडेतिकडे येतात. पण तो विषय वेगळा आहे, पुन्हा कधीतरी.

दाताच्या आत काय असते

दात म्हणजे हाडाचा एक अखंड तुकडा, असे बहुतेकांना वाटते. बाजारातून आलेल्या त्या आईलाही तसेच वाटत होते. दात खरे म्हणजे थरांचा असतो, आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. हा स्वभाव समजला, की कोणता दात कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो, ते कळते.

हिरडीच्या वर दिसतो तो दाताचा माथा. हिरडीच्या आत, जबड्याच्या हाडात, असतात ती मुळे. पटाशीच्या दाताला एक मूळ, खालच्या दाढेला बहुधा दोन, वरच्या दाढेला तीन. माथ्यावर बाहेरून जे पांढरे, चकचकीत कवच असते ते एनॅमल. आपल्या शरीरात याच्याइतके कठीण दुसरे काही नाही, हाडसुद्धा नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के ते खनिजच असते. दाढेच्या टोकांवर ते दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, पण दाढेच्या माथ्यावरच्या खाचांच्या तळाशी फारच पातळ.

एनॅमलमध्ये नस नाही, रक्त नाही, जिवंत पेशी नाही. ज्या पेशींनी ते घडवले, त्या दात तोंडात येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. हात कापला तर कातडी भरून येते, हाड मोडले तर सांधते. एनॅमलला खड्डा पडला, तर तो भरून येत नाही. आणि नस नसल्यामुळे तो पडत असताना दुखतही नाही. घराच्या बाहेरच्या भिंतीला कोणी भोक पाडत असावे आणि घरातल्या कोणाला आवाजच जाऊ नये, तसे हे आहे.

एनॅमलच्या आत पिवळसर रंगाचा डेंटीनचा थर. दाताचा मोठा भाग याचाच. हा एनॅमलपेक्षा मऊ असतो, आणि त्यात केसाहूनही बारीक अशा असंख्य नळ्या आतून बाहेरच्या दिशेने गेलेल्या असतात. या नळ्यांत पाणी असते. एनॅमल झिजून किंवा किडून डेंटीन उघडे पडले, की थंड पाणी, कैरी, गोड यांनी त्या नळ्यांतले पाणी हलते आणि आतल्या नसेला झिणझिणी जाते. दात शिवशिवतो म्हणतो तो हा प्रकार. दाताने दिलेली ही पहिली हाक.

डेंटीनच्या आत दाताचा गाभा. दवाखान्यात आम्ही याला पल्प म्हणतो, लोक नुसतेच 'नस' म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. मुळांच्या टोकाला असलेल्या अगदी बारीक छिद्रांतून ते आत येतात. हा गाभा चारी बाजूंनी कठीण भिंतींनी बंद आहे, हे लक्षात ठेवा. बोटाला ठेच लागली तर बोट सुजते, कारण कातडी ताणली जाते. दाताच्या गाभ्याला सूज आली, तर त्याला फुगायला जागाच नाही. सगळा दाब नसेवर येतो. म्हणून दाढ ठणकते, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकते, आणि रात्री आडवे झाले की डोक्याकडे रक्त जास्त येऊन अधिकच ठणकते.

आणखी एक थर राहिला. मूळ जबड्याच्या हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये कागदाच्या दोन-तीन घड्यांइतकी जागा असते, आणि त्यात असंख्य बारीक धागे असतात. झोळी दोऱ्यांनी टांगावी तसा दात या धाग्यांनी हाडात टांगलेला असतो. भाकरीत बारीकशी कच आली तरी क्षणात कळते, ते या धाग्यांमुळे. हिरडीचा आजार म्हणतो, तो पुढे जाऊन हे धागे आणि त्यांच्या बाजूचे हाड खातो. मग दात न किडताही हलायला लागतो. पन्नाशीच्या पुढे चांगले, पांढरेशुभ्र दात हातात काढून देणारे लोक मी रोज पाहतो. त्यांच्या दाताला काहीच झालेले नसते. त्यांची झोळीच तुटलेली असते.

कीड नावाचा किडा नाही

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, पण तिथे वाळवीसारखा किडा नसतो. जत्रेत काही जण भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातून पांढरे किडे काढून दाखवतात. पाण्याच्या भांड्यात दिसणारे ते पांढरे काही दाताच्या पोटातून आलेले नसते. माझ्याकडे असा धूर घेऊन आलेले रुग्ण असतात. दाढ तशीच किडलेली असते, वर ओठ आणि गाल पोळलेला.

खरा प्रकार असा. प्रत्येकाच्या तोंडात सूक्ष्म जंतू असतात. दात घासले नाहीत तर ते दातावर चिकट, पिवळट-पांढरा थर धरतात. नखाने खरवडले तर तो नखात येतो. आपण साखर खाल्ली की तो थरही साखर खातो आणि आम्ल तयार करतो. हे आम्ल एनॅमलमधले खनिज विरघळवते. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी हे प्रत्यक्ष मोजून दाखवले. साखरेचे पाणी तोंडात घेतल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थरातले आम्ल वाढते, आणि लाळेने ते पुन्हा पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. हा अर्धा-एक तास दात झिजण्याचा. त्यानंतर लाळ गेलेले खनिज थोडे थोडे परत भरते.

म्हणजे किती साखर खाल्ली, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हे महत्त्वाचे. स्वीडनमधल्या विपेहोम येथील मनोरुग्णालयात केलेल्या आणि १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. जेवणाबरोबर साखर दिलेल्यांचे दात फारसे वाढून किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिलेल्यांचे भराभर किडले. तो प्रयोग ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा रुग्णांवर केला गेला. आज तसा कोणी करू शकणार नाही, करूही नये. पण त्यांनी दात घालवून दिलेले हे ज्ञान आपण निदान वापरावे.

आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांचे पाहा. जेवणात साखर चिमूटभर नाही, पण सकाळपासून रात्रीपर्यंत दहा वेळा कटिंग चहा. दर तासाला दाताला आम्लाची आंघोळ. लाळेला दुरुस्तीला सवडच नाही. मुलांचेही तेच. सणाला जेवताना दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तर काही बिघडत नाही. दप्तरातला बिस्किटाचा पुडा तासातासाला एकेक करून संपवला, तर बिघडते.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलाची दाढ घ्या. सहाव्या वर्षी ती आली. खाचेत बिस्किटाचा चिकटा बसत राहिला. एनॅमल झिजत होते, तेव्हा तो काही बोलला नाही, कारण एनॅमल बोलत नाही. या वेळी कोणी पाहिले असते, तर खाचेत काळा ठिपका किंवा खडूसारखा पांढरा डाग दिसला असता, आणि वीस मिनिटांत काम झाले असते. मग कीड डेंटीनमध्ये शिरली. थंड लागले की तो 'स्स' करायचा. आईने गार पाणी बंद केले. मग कीड गाभ्यापर्यंत पोहोचली आणि दिवाळीत दाढ ठणकली. घरात लवंगेचे तेल लावले, त्याने तासभर बरे वाटायचे. लवंगेच्या तेलाने नस बधिर होते, कीड जात नाही. कुणी कापूर दाबून ठेवायला सांगितला, त्याने हिरडी भाजली.

आणि आठवड्याने ठणका थांबला. सगळ्यांना हायसे वाटले. त्या रात्री खरे म्हणजे दाढेची नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही. पुढचे तीन-चार महिने तो मेलेला गाभा आत कुजत राहिला, जंतू मुळांच्या टोकातून खाली जबड्याच्या हाडात उतरले, आणि होळीच्या आधी गाल सुजला.

ही सूज हलकी समजू नका. खालच्या दाढेचा पू कधी कधी जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरतो. मानेचा भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर उचलली जाते, थुंकी गिळता येत नाही आणि श्वास कोंडतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. यात माणसे दगावतात. दातदुखीबरोबर ताप, गिळायला त्रास, हनुवटीखाली सूज किंवा तोंड न उघडणे यातले काहीही असेल, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा.

औषधांच्या दुकानातून 'सुजेच्या गोळ्या' आणून घेणारे पुष्कळ आहेत. गोळ्यांनी सूज उतरते, हे खरे. पण मेलेला गाभा आत तसाच असतो आणि तिथे रक्तच पोहोचत नाही, तर औषध कुठून पोहोचणार? दीड-दोन महिन्यांनी सूज परत येते आणि तीच गोळी पुन्हा आणली जाते. असे तीन-चारदा केलेले लोक माझ्याकडे येतात, तोवर दाढेबरोबर हाडही गेलेले असते.

ब्रश कोणता, यापेक्षा केव्हा आणि कुठे

'डॉक्टर, कोणती पेस्ट चांगली?' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. मी विचारतो, रात्री घासता का? उत्तर बहुधा हसून टाळतात. सकाळी उठून घासायची रीत आपल्याकडे घरोघर आहे, रात्रीची नाही. पण झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा दाताची राखण करणारी लाळ रात्री जवळजवळ नसते, आणि रात्रीच्या जेवणाचे कण आठ तास तिथेच असतात. एकाच वेळी घासणे होणार असेल, तर मी रात्रीची वेळ निवडायला सांगेन. त्यानंतर पाण्याशिवाय काही नको, दूधसुद्धा नको.

ब्रश मऊ घ्यावा. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तिरपे टेकवावेत आणि जागच्या जागी हलके हलवून दाताकडे झटकावेत. फरशी घासल्यासारखे जोरात आडवे घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात. त्या मी रोज भरतो. दोन मिनिटे लागतात. आतली, जिभेकडची बाजू नव्वद टक्के लोक विसरतात. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या खुर्चीवरून दिसलेला आहे. सहाव्या वर्षाची दाढ वर येत असते तेव्हा ती शेजारच्या दाढेपेक्षा ठेंगणी असते. सरळ फिरवलेला ब्रश तिच्या वरून निघून जातो. त्या दाढेसाठी ब्रश गालाच्या कोपऱ्यातून आडवा घालून खाचा घासाव्या लागतात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातून हे होत नाही. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला दातही नीट घासता येत नाहीत. तोवर रात्रीचे दात आईने किंवा वडिलांनी घासावेत. वडिलांनी हे मुद्दाम लिहितो आहे.

पेस्ट फ्लोराइडची असावी, कारण फ्लोराइडने एनॅमल आम्लाला अधिक टिकते आणि सुरुवातीचा पांढरा डाग मागे फिरू शकतो. ट्यूबवर आणि खोक्यावर फ्लोराइडचे प्रमाण छापलेले असते. आपल्याकडच्या नियमाने ते १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावे. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती पेस्ट खपावी म्हणून. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. घासून झाल्यावर थुंकावे, पण खळखळून चुळा भरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नये.

एक सावधगिरी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, की लहानपणी घडत असलेल्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी चट्टे पडतात. ते चट्टे मळाचे नाहीत. विटकरीच्या भुकटीने किंवा कोळशाने घासून ते जात नाहीत, एनॅमल मात्र जाते. अशा गावात आधी पाण्याची तपासणी आणि मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला.

राखुंडी, मीठ, कोळसा यांबद्दल माझे मत चांगले नाही. ती खरखरीत असतात. बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातवण टोक चावून मऊ केले आणि हळू फिरवले, तर पुढचे दात साफ होतात. पण ती काडी शेवटच्या दाढेमागे पोहोचत नाही, आणि कीड बहुधा तिथेच असते.

मशेरीबद्दल मात्र मला जास्त बोलावेसे वाटते, कारण माझी आजी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची भुकटी डबीत. तिला ती दात घासण्याची वस्तू वाटायची. "लावल्याशिवाय पोट साफ होत न्हाई," म्हणायची. ते दात घासणे नव्हते, तंबाखूची तलफ होती. मशेरीने दात साफ होत नाहीत. हिरडी सरकते, मुळे उघडी पडतात, आणि जिथे ती रोज दाबली जाते तिथे तोंडाच्या कर्करोगाची भीती असते. पोटुशी बाई मशेरी लावत असेल, तर बाळ कमी वजनाचे होते. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी घालणार? एकदम सुटत नसेल, तर दिवसाच्या चार वेळांच्या तीन करा, पंधरा दिवसांनी दोन करा, आणि सकाळी उठल्यावरची वेळ सर्वांत शेवटी सोडा, कारण तीच सर्वांत अवघड. गालात, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवा. दुखत नसली तरी दाखवा.

ब्रश करताना रक्त आले, की लोक ब्रश करणे सोडतात. हे उलटे आहे. हिरडीच्या कडेला थर साचून ती सुजलेली असते, म्हणून रक्त येते. तिथेच मऊ ब्रशने नीट घासत राहिले, तर आठ-दहा दिवसांत रक्त बहुधा थांबते. थांबले नाही, तर दगडासारखी कीट धरलेली असते. ती ब्रशने निघत नाही, दवाखान्यात काढावी लागते. कीट काढल्याने दात ढिले होतात, हा गैरसमज आहे. जो दात कीटेच्या आधाराने उभा होता, तो आधीच ढिला झालेला असतो. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावे. साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडी बिघडली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. आणि वरची दाढ काढल्याने नजर जाते म्हणणाऱ्यांना माझा एवढाच निरोप, की डोळ्याची नस आणि दाढेची नस वेगळी आहे.

खर्चाचे म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत रूट कॅनॉलसारखे उपचार खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. शाळेत बालआरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा ते दातही पाहते. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरातच राहू देऊ नका.

त्या मुलाची दाढ मी काढली नाही. एक्स-रे घेतला. खालच्या मुळांची टोके जवळजवळ बंद झालेली होती, ते त्याचे नशीब. सात-आठ वर्षांचा असता तर काम बरेच अवघड होते. दाढ वरून उघडताच पू बाहेर आला आणि दहा मिनिटांत पोरगे शांत झाले. त्याने सरळ आईला विचारले, "आता वडापाव खाऊ?" मुळांच्या नळ्या साफ करायला आणखी दोन बाजार लागतील, मग वर धातूची टोपी बसवायची. त्याची आई आधी नाराज होती. काढायला कमी पैसे लागतात, मग हे कशाला, असा तिचा सरळ हिशेब होता. मी तिला माझ्या तोंडातली रिकामी जागा दाखवली. ती काही बोलली नाही, पण पुढच्या रविवारची वेळ घेतली.

निघताना तिच्या कडेला धाकटी मुलगी होती, साडेपाच वर्षांची. तिला खुर्चीत बसवले आणि आईलाच दात मोजायला सांगितले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या दाढेच्या मागे हिरडी थोडी फुगलेली होती आणि तिच्यातून एक पांढरे टोक वर आले होते. आईने बोट घालून ते चाचपले.

"हीच का ती?"

"हीच."

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मुलीला आणायला सांगितले आहे. तोवर दाढ बरीच वर आली असेल. पुरी वर आली, की तिच्या खाचांत औषधाचा पातळ थर भरून त्या बंद करता येतात. सुई नाही, भूल नाही, दुखणे नाही. तोपर्यंत रोज रात्री ब्रश आडवा घालून ते एवढेसे टोक घासायचे काम तिच्या वडिलांकडे दिले आहे.